सर्व्हरला इंटरनेट नाही, तरी अपडेट हवंय! घरच्या घरी पॅकेज रेपॉझिटरी

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलीभाषा तशीच ठेवली आहे. कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

कानात इअरफोन आहेत ना? लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, जिममध्ये असाल, ऐकत राहा. आजचा विषय नावाला थोडा रुक्ष आहे, पण ज्यांना लिनक्स, क्लाउड, सिस्टिम अ‍ॅडमिन या लाइनीत नोकरी करायची आहे, त्यांच्यासाठी एकदम कामाचा. विषय आहे लिनक्स सर्व्हरसाठी आपली स्वतःची, लोकल पॅकेज रेपॉझिटरी उभारणं.

आता एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. तुम्ही एका एमआयडीसीतल्या कारखान्यात नवीन लागलात. सर्व्हर रूममध्ये वीस लिनक्स सर्व्हर आहेत. मॅनेजर म्हणतात, "सगळे अपडेट करून टाक." तुम्ही ऐटीत कमांड टाकता आणि समोर येतं, होस्ट सापडत नाही. का? कारण हे सर्व्हर इंटरनेटला जोडलेलेच नाहीत. मुद्दामच जोडलेले नाहीत, त्यांच्यावर मशीन चालतात. मग अपडेट येणार कुठून?

हाच आजचा प्रश्न. उत्तर देण्याआधी मुळापासून जाऊ.

रेपॉझिटरी म्हणजे काय, आणि ती तुमच्या फोनमध्येही कशी आहे

विंडोजवर आपण काय करतो? वेबसाइटवर जायचं, सेटअप फाइल डाउनलोड करायची, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. लिनक्समध्ये तसं करत नाहीत. तिथे सॉफ्टवेअर 'पॅकेज' या रूपात येतं आणि हजारो पॅकेजेस एका जागी रचून ठेवलेली असतात. त्या जागेला म्हणायचं रेपॉझिटरी, बोलताना नुसतं रेपो.

दोन मोठी घराणी लक्षात ठेवा. एक डेबियनचं. डेबियन आणि उबुंटू यात येतात, पॅकेज फाइलच्या शेवटी डॉट डेब असतं आणि कमांड असते एपीटी. दुसरं रेड हॅटचं. रेड हॅट, फेडोरा, रॉकी लिनक्स, अल्मा लिनक्स हे यात. फाइलच्या शेवटी डॉट आरपीएम, आणि कमांड पूर्वी यम होती, आता डीएनएफ.

रेपोमध्ये नुसत्या फाइली नसतात. सोबत एक यादी असते. कोणतं पॅकेज, कितवी आवृत्ती, ते चालायला आणखी काय काय लागतं, फाइल किती मोठी, हे सगळं त्या यादीत. याला मेटाडेटा म्हणतात. किराणा दुकानात माल गोदामात असतो आणि शेटजींकडे वही असते ना? वहीत नोंद नसेल तर गोदामात असलेला मालही मिळत नाही. तसंच. हे वही-गोदामाचं नातं डोक्यात पक्कं ठेवा. पुढचे निम्मे लोचे यातूनच सुटतील.

आणि हे सगळं बघायला सर्व्हर पाहिजेच असं नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाका. त्यात 'पीकेजी अपडेट' लिहा. ते आतून एपीटीच वापरतं, डॉट डेब पॅकेजेसच उतरवतं. 'टर्मक्स-चेंज-रेपो' टाकलंत तर कोणत्या मिररवरून घ्यायचं तेही विचारतं. मिरर म्हणजे त्याच रेपोची हुबेहूब दुसरी प्रत, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली. आपल्या देशातही असे मिरर आहेत, आयआयटी कानपूरचा आहे, आयआयटी मद्रासचा आहे. आज आपण करणार आहोत ते एवढंच, की असाच एक मिरर आपल्या ऑफिसात, आपल्या कॉलेजात, आपल्या नेटवर्कच्या आत.

कशाला पाहिजे हा उपद्व्याप?

पहिलं कारण, बँडविड्थ. थोडं गणित करू, तोंडी होण्यासारखं आहे. समजा तालुक्याच्या एका कॉलेजची लॅब आहे, ६० मशीन. इंटरनेट ५० एमबीपीएस. महिन्याचं अपडेट प्रत्येक मशीनला ३०० एमबी. ६० गुणिले ३०० म्हणजे १८ हजार एमबी, साधारण १८ जीबी. एमबीचे मेगाबिट करायला ८ ने गुणा, झाले १ लाख ४४ हजार. भागिले ५०. आले २,८८० सेकंद, म्हणजे ४८ मिनिटं. तीही पूर्ण लाइन दुसऱ्या कोणी वापरली नाही तर. त्या तासाभरात ऑफिसातले क्लार्क ऑनलाइन फॉर्म भरत असतील तर तुमच्या नावाने शंख होणार.

आता तेच पॅकेज एकदाच बाहेरून आणलं तर? ३०० एमबी, त्याच लाइनवर ४८ सेकंद. नंतर आतल्या आत वाटप. लॅबचं नेटवर्क गिगाबिट असेल तर कागदावर अडीच मिनिटांच्या आत, प्रत्यक्षात थोडी जास्त. ४८ मिनिटं आणि ४८ सेकंद, फरक कळला ना? सोसायटीत प्रत्येक फ्लॅटने वेगळा टँकर मागवायचा, की एकच टँकर गच्चीवरच्या टाकीत ओतायचा, एवढाच प्रश्न आहे.

दुसरं कारण मघाचंच. काही नेटवर्क बंदच असतात. कारखाने, प्रयोगशाळा, बँकांचे आतले भाग. तिथे लोकल रेपो हीच सोय.

तिसरं कारण, सगळे सर्व्हर सारखे राहतात. सोमवारी पाच सर्व्हर अपडेट केले, गुरुवारी पाच. मधल्या दिवसांत बाहेरच्या रेपोत नवीन आवृत्ती आली. आता दहापैकी पाचांवर एक आवृत्ती, पाचांवर दुसरी. मग "याच्यावर चालतं, त्याच्यावर चालत नाही" हा खेळ सुरू. तुमचा स्वतःचा रेपो असेल तर माल कधी बदलायचा हे तुम्ही ठरवता.

आणि चौथं कारण, जे लोकांना फार उशिरा कळतं. बाहेरचा रेपो कायमचा नसतो. सेंटओएस सात आठवतं? कितीतरी ऑफिसांमध्ये, होस्टिंगवाल्यांकडे तेच होतं. ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला. त्यानंतर त्याची मिररची यादी देणारा पत्ताच बंद झाला. ज्यांनी काही बदललं नव्हतं, त्यांच्याकडे एके दिवशी 'यम इन्स्टॉल' टाकलं की एरर. जुनी पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या संग्रहात ठेवलेली आहेत, पत्ता बदलून काम चालवता येतं. पण नीट ऐका, तिथे नवीन सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत. लोकल रेपो असता तर इन्स्टॉल अडलं नसतं हे खरं, पण मुदत संपलेली सिस्टिम त्याने सुरक्षित होत नाही. औषध तुमच्या कपाटात आहे म्हणून त्याची एक्सपायरी पुढे जात नाही!

पहिला मार्ग: कॅश

तीन मार्ग आहेत, सोप्याकडून अवघडाकडे जाऊ.

सगळ्यात सोपा म्हणजे कॅशिंग प्रॉक्सी. डेबियन-उबुंटूसाठी एपीटी-कॅशर-एनजी नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. एका मशीनवर टाकायचं. 'सुडो एपीटी इन्स्टॉल एपीटी-कॅशर-एनजी', झालं. ते ३१४२ या पोर्टवर ऐकत बसतं. पहिल्या मशीनने एखादं पॅकेज मागितलं की ते बाहेरून आणतं, देतं आणि स्वतःकडे एक प्रत ठेवतं. दुसऱ्या मशीनने तेच मागितलं की घरातूनच देतं. जे कोणी मागितलंच नाही ते आणतच नाही, त्यामुळे डिस्कही कमी लागते.

बाकीच्या मशीनवर काय करायचं? 'ईटीसी'मधल्या 'एपीटी'मधल्या 'एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी' या फोल्डरमध्ये एक फाइल बनवायची आणि तिच्यात एकच ओळ. अ‍ॅक्वायर, दोन कोलन, एचटीटीपी, दोन कोलन, प्रॉक्सी, मग स्पेस, मग अवतरणात तुमच्या कॅश मशीनचा पत्ता आणि पोर्ट ३१४२, शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम विसरू नका, त्याच्यावाचून एपीटी रुसतं.

आता इथे एक अडचण. रेपोचा पत्ता एचटीटीपीएस असेल तर मधल्या कॅशला आतलं काही दिसत नाही, सगळं कुलूपबंद जातं. मग साठवणार काय? म्हणून कॅश वापरणारे लोक रेपोचा पत्ता साधा एचटीटीपी ठेवतात. तुम्ही म्हणाल, अरे, एचटीटीपी? ते तर असुरक्षित ना? थांबा, या प्रश्नाकडे आपण लवकरच येतोय, तो फार महत्त्वाचा आहे.

कॉलेजच्या लॅबसाठी हा मार्ग पुरेसा आहे. दुपारभरात होतं. पण कारखान्याच्या बंद नेटवर्कला याचा उपयोग नाही, कारण कॅशला स्वतःला इंटरनेट लागतं.

दुसरा मार्ग: पूर्ण मिरर

इथे आपण रेपोची अख्खी प्रत आणतो. रेड हॅट घराण्याचं उदाहरण घेऊ, समजा रॉकी लिनक्स नऊ.

सगळ्यात झटपट जुगाड म्हणजे डीव्हीडीची आयएसओ फाइल. त्या फाइलमध्येच बेसओएस आणि अ‍ॅपस्ट्रीम हे दोन्ही रेपो असतात, मेटाडेटासकट. ती माउंट करा, क्लायंटला पत्ता द्या, लगेच चालू. इंटरनेटचा एक थेंबही नको. फक्त एवढंच, की ती आयएसओ निघाली त्या दिवशीचा माल त्यात आहे. नंतरच्या दुरुस्त्या नाहीत. सुरुवातीला सॉफ्टवेअर टाकायला ठीक, अपडेटसाठी नाही.

अपडेटसाठी खरा उपाय म्हणजे रेपोसिंक. हे डीएनएफच्या प्लगइनमध्ये येतं. इंटरनेट असलेल्या एका रॉकी मशीनवर म्हणायचं, 'डीएनएफ रेपोसिंक', त्यापुढे रेपोआयडी बेसओएस, रेपोआयडी अ‍ॅपस्ट्रीम, डाउनलोड-मेटाडेटा आणि कुठे ठेवायचं तो पाथ. समजा 'एसआरव्ही'मधला 'रेपो' फोल्डर. मग चहा घेऊन या. जेवूनही या. शंभरेक जीबी जागा मोकळी ठेवा म्हणजे पुढे डोकेदुखी नको.

यात डाउनलोड-मेटाडेटा हा पर्याय का लावला? वही आठवली? तो पर्याय लावला नाही तर नुसता माल येतो, वही येत नाही. मग क्रिएटरेपो नावाच्या कमांडने वही स्वतः लिहावी लागते, आणि अ‍ॅपस्ट्रीममधली मॉड्यूलची माहिती त्यात आपोआप येत नाही. म्हणून अधिकृत रेपोची प्रत काढताना वहीसुद्धा तिथलीच आणा. क्रिएटरेपो वापरायचं तुमच्या कंपनीने स्वतः बनवलेल्या आरपीएमसाठी. पाच-दहा आरपीएम एका फोल्डरमध्ये टाका, क्रिएटरेपो चालवा, आत 'रेपोडेटा' फोल्डर तयार होतो. झाला तुमचा खासगी रेपो. नवीन आरपीएम टाकलं की पुन्हा चालवायचं, नाहीतर माल गोदामात आणि वहीत नोंद नाही.

आता हा फोल्डर बाकीच्यांना दिसायला हवा. त्याला काही विशेष सर्व्हर लागत नाही. एनजिनएक्स किंवा अपाचे, कुठलाही साधा वेब सर्व्हर. फायरवॉलमध्ये एचटीटीपी उघडा. आणि इथे नव्वद टक्के नवी मुलं अडकतात. नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे बरं का! सगळं बरोबर आहे, परमिशन बरोबर आहेत, तरी ब्राउझरमध्ये ४०३ फॉरबिडन. कारण एसई-लिनक्स. वेब सर्व्हरला कोणते फोल्डर वाचायची मुभा आहे हे तो लेबल बघून ठरवतो. तुमच्या नव्या फोल्डरला ते लेबल नसतं. यूट्यूबवर लगेच सल्ला मिळतो, "एसई-लिनक्स बंद करा." नका करू. चोर येईल म्हणून लावलेलं कुलूप, आपल्याला किल्ली सापडत नाही म्हणून तोडायचं का? 'एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने वेब मजकुराचं लेबल नोंदवा, मग 'रिस्टोअरकॉन' चालवा. दोन ओळी.

क्लायंटवर 'यम डॉट रेपोज डॉट डी' फोल्डरमध्ये डॉट रेपो नावाची फाइल. त्यात नाव, बेसयूआरएल म्हणजे तुमच्या मिररचा पत्ता, एनेबल्ड बरोबर १, जीपीजीचेक बरोबर १, आणि जीपीजी-की कुठे आहे तो पाथ. जुने बाहेरचे रेपो बंद करायला विसरू नका, नाहीतर बंद नेटवर्कमधला सर्व्हर बाहेरचा पत्ता शोधत बसेल. मग 'डीएनएफ क्लीन ऑल', 'डीएनएफ रेपोलिस्ट', आणि काम फत्ते.

कारखान्यातल्या आपल्या वीस सर्व्हरचं उत्तर हेच. बाहेर एक मशीन रेपोसिंक करतं. महिन्याला एका डिस्कवर तो फोल्डर घ्यायचा, व्हायरस तपासणी वगैरे जे नियम असतील ते पाळायचे, डिस्क चालत चालत आत न्यायची, आतल्या वेब सर्व्हरवर ओतायची. ऐकायला जुनाट वाटतं, पण बंद नेटवर्कमध्ये जगभर असंच चालतं.

सही बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही

आता राहिलेला प्रश्न. एचटीटीपी, किंवा हातातली डिस्क. मध्ये कुणी पॅकेज बदललं तर?

याचं उत्तर म्हणजे जीपीजी सही. डेबियनचं बघू. प्रत्येक डेब फाइलचा एक हॅश असतो, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा. फाइलमधलं एक अक्षर बदललं की ठसा बदलतो. हे सगळे ठसे 'पॅकेजेस' नावाच्या यादीत. त्या यादीचा ठसा 'रिलीज' नावाच्या फाइलमध्ये. आणि त्या रिलीज फाइलवर डेबियनची सही. तुमच्या मशीनमध्ये डेबियनची सार्वजनिक किल्ली आधीपासून असते, तिच्याने सही तपासली जाते. म्हणजे एका सहीखाली साठ हजारांवर पॅकेजेस. रस्ता कुठलाही असो, एचटीटीपी, पेनड्राइव्ह, कबूतर, माल बदलला की साखळी तुटते आणि एपीटी नकार देतं.

रेड हॅट घराण्यात सही थेट प्रत्येक आरपीएमवर असते, जीपीजीचेक ती तपासतं.

म्हणून माझी हात जोडून विनंती. घाईत जीपीजीचेक बरोबर ० लिहू नका. डेबियनमध्ये 'ट्रस्टेड बरोबर येस' लिहू नका. एरर जाते हे खरं, पण सोबत पहारेकरीही जातो. आणि लोकल रेपोच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं आहे. का? कारण तुमच्या त्या एका मशीनवर आता सगळ्या सर्व्हरचा विश्वास आहे. तिथे कुणी घुसलं आणि तपासणी बंद असेल, तर एका दमात वीसच्या वीस सर्व्हर त्याचे.

तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच भोक असलं तर? तेही झालंय. जानेवारी २०१९ मध्ये एपीटीमध्येच एक दोष सापडला. एचटीटीपीवर मध्ये बसलेला माणूस रिडायरेक्टचा गैरफायदा घेऊन खोटं पॅकेज घुसवू शकत होता. तातडीने दुरुस्ती आली. तात्पर्य, सही हा पाया आहे, पण आतल्या नेटवर्कवर जमत असेल तर पूर्ण मिररला एचटीटीपीएस द्या. तिथे कॅशची अडचण नाही, फाइली तुमच्याच आहेत.

तिसरा मार्ग: स्नॅपशॉट, आणि २०२४ ची दोन प्रकरणं

आता आजच्या भागाचा गाभा. मिरर झाला, रोज रात्री सिंक होतो. पण रोज आलेलं रोज सगळ्या सर्व्हरवर टाकायचं का?

२०२४ मधल्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही एसएसएचशी संबंधित, म्हणजे ज्या दरवाजातून आपण सर्व्हरमध्ये जातो त्याच्याशी.

पहिली, २९ मार्च २०२४. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेव्हलपरच्या लक्षात आलं, की एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण दुर्लक्ष केलं असतं. त्याने खणलं, आणि एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीत लपवलेला चोरदरवाजा सापडला. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१. जिआ टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी बराच काळ चांगलं काम करून प्रोजेक्टमध्ये विश्वास कमावला होता आणि मग हे घुसवलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये, फेडोराच्या रॉहाइडमध्ये ते पोचलं होतं. डेबियन स्टेबलमध्ये पोचलं नव्हतं.

आता बघा, इथे जीपीजी सहीने वाचवलं का? नाही. पॅकेज रीतसर मार्गाने आलं होतं, सही खरी होती, मालातच विष होतं. वाचले ते, जे नवीन आलं की लगेच उचलत नाहीत.

म्हणजे थांबणं चांगलं? जरा थांबा. दुसरी गोष्ट, १ जुलै २०२४. क्वालिस या कंपनीने ओपनएसएसएचमधला एक दोष जाहीर केला, नाव रिग्रेशन. लॉगिन न करताच सर्व्हरवर रूटचे अधिकार मिळवण्याची शक्यता. दुरुस्ती आलेली होती. इथे महिनाभर थांबणारा माणूस उघड्यावर.

मार्चमध्ये थांबलेले वाचले, जुलैमध्ये थांबलेले धोक्यात. मग करायचं काय?

करायचं असं, की थांबायचं किती हे ठरवून, लिहून ठेवायचं. आणि ते पाळता येईल असा रेपो बनवायचा. त्यासाठी स्नॅपशॉट.

डेबियन-उबुंटूसाठी अ‍ॅप्टली नावाचं साधन आहे. त्याचे टप्पे चार. एक, 'अ‍ॅप्टली मिरर क्रिएट', कुठल्या रेपोची प्रत हवी ते सांगा. दोन, 'अ‍ॅप्टली मिरर अपडेट', माल आणा. तीन, 'अ‍ॅप्टली स्नॅपशॉट क्रिएट', आजच्या स्थितीचा फोटो काढा. फोटोला नाव द्या, शक्यतो तारीखच. चार, 'अ‍ॅप्टली पब्लिश स्नॅपशॉट', तो फोटो सर्व्हरना दाखवा. पुढच्या वेळी नवा फोटो काढून 'पब्लिश स्विच'. काही बिघडलं? जुन्या फोटोवर परत स्विच. रेपो एका मिनिटात मागे येतो. ज्या सर्व्हरवर नवीन पॅकेज आधीच बसलंय ते मात्र तुम्हालाच मागे आणावं लागतं, ते आपोआप होत नाही.

डिस्क किती खाणार, ही भीती नको. प्रत्येक स्नॅपशॉट ही फक्त यादी असते. फाइल एकदाच साठते, दहा स्नॅपशॉटमध्ये असली तरी.

पब्लिश करताना अ‍ॅप्टली रिलीज फाइल नव्याने बनवतं, त्यामुळे सही तुमची लागते. स्वतःची जीपीजी किल्ली तयार करा. सार्वजनिक भाग क्लायंटवर 'ईटीसी एपीटी कीरिंग्ज'मध्ये ठेवा आणि सोर्स फाइलमध्ये 'साइन्ड-बाय' लिहून ती किल्ली त्याच रेपोपुरती बांधा. जुने लेख एपीटी-की कमांड सांगतात, ती पद्धत आता मोडीत निघाली आहे. आणि खासगी किल्लीचा बॅकअप घ्या, मशीनच्या बाहेर, सुरक्षित. ती गेली तर प्रत्येक सर्व्हरवर जाऊन नवी किल्ली बसवावी लागेल.

आता धोरण. दोन रांगा ठेवा. साधी अपडेट एका रांगेत. महिन्यातून एकदा स्नॅपशॉट, आधी दोन टेस्ट सर्व्हरवर, आठवडाभर बघायचं, मग सगळीकडे. सुरक्षेची अपडेट दुसऱ्या रांगेत. ती रोज बघायची, टेस्ट सर्व्हरवर काही तास, आणि एक-दोन दिवसांत सगळीकडे. तातडीचं काही आलं तर त्याच दिवशी. आकडे तुमच्या ठिकाणाप्रमाणे बदला, पण आकडे असू द्या. "वेळ मिळाला की बघू" हे धोरण नाही.

नेहमीचे लोचे

पटापट चार गोष्टी.

एक, 'हॅश सम मिसमॅच'. बहुतेक वेळा मिरर सिंक अर्धवट असताना क्लायंट आला. वही नवी, माल जुना, किंवा उलट. उपाय, सिंक करताना आधी माल आणायचा, वही शेवटी बदलायची. अ‍ॅप्टलीचं पब्लिश वेगळं असल्यामुळे हा त्रास तिथे फारसा होत नाही.

दोन, डिस्क भरते. आणि भरते ती रात्री तीनला. जुने स्नॅपशॉट काढा, 'अ‍ॅप्टली डीबी क्लीनअप' चालवा, रेपो वेगळ्या पार्टिशनवर ठेवा म्हणजे अख्खं मशीन आडवं होणार नाही.

तीन, उबुंटू २४.०४ मध्ये तुम्ही सोर्सेस डॉट लिस्ट बदलता आणि तरी मशीन बाहेरच जातं. कारण खरी माहिती आता 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' फोल्डरमधल्या 'उबुंटू डॉट सोर्सेस' फाइलमध्ये असते. तिथे बदला.

चार, सगळ्यात घातक आणि सगळ्यात शांत. सिंक बंद पडलेला असतो आणि कुणाला पत्ताच नसतो. क्लायंटवर अपडेट चालवलं की उत्तर येतं, "सगळं अद्ययावत आहे." हिरवंगार! खरंतर मिरर चार महिने जुना आहे. बाहेरच्या रेपोशी थेट जोडलेलं मशीन असं खोटं समाधान देत नाही. तुमचा लोकल रेपो देतो. म्हणून शेवटचं यशस्वी सिंक कधी झालं, ती तारीख एका फाइलमध्ये लिहिणारी स्क्रिप्ट ठेवा, आणि ती तीन दिवसांपेक्षा जुनी झाली तर मेल किंवा मेसेज आलाच पाहिजे. लोकल रेपो उभारणं हे दोन दिवसांचं काम आहे. तो जिवंत ठेवणं हीच नोकरी.

आता तुमचा गृहपाठ

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन डेबियन मशीन करा. एकावर एपीटी-कॅशर-एनजी, दुसरं क्लायंट. क्लायंटवर एखादं मोठं पॅकेज टाका, वेळ मोजा. ते काढा, 'एपीटी क्लीन' करा, परत टाका, परत वेळ मोजा. फरक डोळ्यांनी बघा. ते जमलं की अ‍ॅप्टली घ्या, पण अख्खं डेबियन आणू नका, काहीशे जीबी होतील. फिल्टर लावून दोन-चार पॅकेजेसचाच मिरर करा. शिकायला तेवढं पुरतं. लॅपटॉप नसेल तर निदान टर्मक्समध्ये सोर्सेस डॉट लिस्ट उघडून वाचा, मिरर बदलून बघा.

हे एकदा हाताखालून गेलं की पुढे पायथॉनचे पॅकेज, एनपीएम, डॉकरच्या इमेज, यांचेही लोकल रेपो असतात हे कळेल, आणि तत्त्व तेच निघेल. माल, वही, सही, आणि कधी उघडायचं ते ठरवणारा माणूस. इंटरव्ह्यूमध्ये कमांड पाठ म्हणणारे पुष्कळ येतात. "आम्ही अपडेट किती दिवस थांबवतो आणि का" हे सांगू शकणारा क्वचित येतो. तो तुम्ही व्हा.

तुमच्या कॉलेजात, ऑफिसात असा रेपो असेल तर आम्हाला लिहा, कसा चालवता ते. अडलात तर एररचा पूर्ण मजकूर पाठवा, नुसतं "होत नाहीये" नको! चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत अपडेट राहा, पण सही बघून.